४५ अंशांचा काळोख

नागपूरकराला '४५ अंश' म्हटलं की मे महिनाच आठवतो. परवा भर दुपारी बर्डीवर उन्हात लावलेली स्कूटर काढली, तर तिचा डिजिटल मीटर पार काळा. सावलीत नेली, थोड्या वेळाने आकडे परत आले. पडद्यातला द्रव-स्फटिक, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण रेणू शिस्तीत राखणारा पदार्थ, तापून साधा द्रव झाला होता. प्रकाश वळवणारी रेणूंची शिस्तच मोडली होती.

शिस्त न मोडता काळोख करणारा द्रव-स्फटिकही आहे, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. त्याचं नाव अँटिफेरोइलेक्ट्रिक. १९८८-८९ मध्ये टोकियोत चंदनी, फुकुदा आणि सहकाऱ्यांनी तो ओळखला. त्यातले लांबुळके रेणू थराथरांत तिरके उभे असतात. शाळेच्या मैदानावरची लेझीम आठवा : एक ओळ डावीकडे कललेली, मागची उजवीकडे, पुन्हा डावीकडे. विद्युतदाब दिला की हलगीचा ठेका बदलावा तशा साऱ्या ओळी एकाच बाजूला कलतात. दाब उलटा केला की दुसऱ्या बाजूला. दाब काढला की पुन्हा पहिल्यासारख्या.

एक थर जेमतेम ३-४ नॅनोमीटरचा, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे प्रकाशाला सुटी ओळ दिसतच नाही. दिसते ती सगळ्यांची सरासरी. डावा-उजवा कल त्या बेरजेत विरतो आणि प्रकाशीय अक्ष, म्हणजे ज्या रेषेने जाणाऱ्या प्रकाशाचं कंपन पदार्थ बदलत नाही ती रेषा, थरांना लंब राहतो. ध्रुवक पट्टी एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडते. एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या अशा दोन पट्ट्यांपैकी एकीच्या रेषेत हा अक्ष आणला, की प्रकाश अडतो. दाब दिला की अक्ष कलतो, पलीकडे उजेड पडतो. दाब कुठल्याही दिशेचा असो, उजेड तेवढाच.

पण पडद्याच्या दोन काचांमध्ये थर सगळीकडे सरळ बसत नाहीत. जिथे वाकडे बसतात तिथून प्रकाश झिरपतो. काळा रंग असा फिकटला, की चित्रातला जीवच जातो.

२००० च्या सुमारास युरोपातल्या संशोधकांनी यावर काढलेली तोड मला अतिशय सुंदर वाटते. त्यांनी कल नेमका ४५ अंशांचा असलेले रेणू वापरले. डावी ओळ ४५, उजवी ४५, म्हणजे दोघींत बरोबर काटकोन. मग काचेच्या प्रतलात कुठल्याही दिशेने मोजा, सरासरी सारखीच. प्रकाशीय अक्ष थेट काचेलाच लंब होतो. थर वाकडे बसलेलेच असतात, पण समोरून येणाऱ्या प्रकाशाला ते कळत नाही. पट्ट्यांमधली ती काच गोल फिरवत राहा, काळोख जागचा हलत नाही.