हुकूमनामा झाला म्हणजे वसुली झाली असं नाही

उसने पैसे बुडाले, दावा लावला, अखेर निकाल लागला. त्या संध्याकाळी वादीला वाटतं, आता पैसे आलेच. प्रतिवादीला वाटतं, उद्या बेलिफ दारात आणि परवा आपण तुरुंगात. दोघंही हुकूमनामा आणि दरखास्त यांची गल्लत करत असतात.

कोण किती मुद्दल, व्याज आणि खर्च देणं लागतो, हे हुकूमनाम्यात ठरतं. तेवढंच. त्यानंतर कोर्ट आपणहून वसुलीला निघत नाही. त्यासाठी वादीला पुन्हा अर्ज करावा लागतो, ती दरखास्त. खरी दमछाक इथे होते, कारण जप्त करायची मालमत्ता दाखवायची त्यानेच. मालमत्ता सापडत नसेल तर देणेकऱ्याकडून तिचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. हा अर्ज जरूर करावा. दरखास्तीला १२ वर्षांची मुदत आहे. म्हणजे पाच-सहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तरी हुकूमनामा जिवंतच असतो.

जप्तीलाही मर्यादा आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचून बघा. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. जप्तीच्या हिशोबात येणारा पगार २५,००० असेल, तर महिना फार तर ८,००० कापले जातील, आणि त्या एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. दिवाणी कैद आहे, पण ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला; निव्वळ गरिबीसाठी नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही.

समन्स न मिळताच एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो कळल्यापासून ३० दिवसांत रद्द करण्याचा अर्ज करा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हुकूमनाम्यानंतर बाहेरच्या बाहेर पैसे चुकते केले, तर त्याची नोंद त्याच कोर्टात करून घ्या. समोरचा करत नसेल तर ३० दिवसांत तुम्ही अर्ज द्या. नोंद नसलेली फेड दरखास्तीत धरत नाहीत, आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा भरायची वेळ येते.