बाथरूममधला कोळी आणि पडद्यावरचा टॅरंटुला

जुलैतल्या एका रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, बाथरूममध्ये टॅरंटुला शिरलाय. लवकर ये, हे चप्पल घेऊन उभे आहेत." आमची सोसायटी ठाण्यात, उपवनच्या अलीकडे, येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात असा एखादा फोन मला येतोच. आणि आजवर प्रत्येक वेळी भिंतीवर निघालाय तो हंट्समन कोळी.

"काका, चप्पल खाली ठेवा, आधी नीट बघू या," म्हणत टॉर्च मारला. गीझरखाली टाइलवर तो अगदी चपटा बसला होता, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरून, सगळे मिळून माझ्या तळव्याएवढा. डोळ्यांखाली फिकट पट्टा, मिशी फुटल्यासारखा. पोटाखाली पांढरट, चपटी, नाण्यासारखी चकती धरलेली. ती अंड्यांची पिशवी. म्हणजे ही मादी होती, आणि पिशवी सोडून पळायला तयार नव्हती. हंट्समन जाळं विणत नाही. रात्री भिंतींवरून फिरतो आणि झुरळं पकडून खातो. डिवचला तर चावेल, थोडं दुखेल, पण माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही.

टॅरंटुला यापासून फार लांबचा. दोघेही कोळीच, पण कुळाच्या दोन वेगळ्या शाखांतले. टॅरंटुलाचं अंग जाडजूड आणि दाट केसाळ, आठही डोळे डोक्यावरच्या एका लहानशा उंचवट्यावर गोळा झालेले. खरी खूण सुळ्यांत आहे. हंट्समनचे सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात. टॅरंटुलाचे दोन्ही सुळे एकमेकांना समांतर राहून वरून खाली येतात, म्हणून चावायचं तर त्याला अंगाचा पुढचा भाग उचलावा लागतो. पोस्टरवर दिसणारी ती पुढचे पाय उगारलेली भयंकर मुद्रा हल्ल्याची नसते. घाबरलेला प्राणी "मागे हो" म्हणत असतो.

नावातली गल्लत तर जुनीच आहे. इटलीतल्या तारांतो शहरावरून हे नाव मुळात तिथल्या एका लांडगा-कोळ्याला पडलं. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत पोचले आणि तिथल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना त्यांनी तेच नाव चिकटवलं.

आपल्या पश्चिम घाटातही टॅरंटुला आहेत. येऊरच्या एका पाड्यावर ओळखीच्या वारली आजोबांनी मला मातीच्या बांधातलं बीळ दाखवलं होतं. तोंडाशी रेशमाचं पांढरं अस्तर, आणि अंधार पडल्यावर त्यातून बाहेर आलेली पायांची फक्त चार टोकं. अर्धा तास बसलो, तो तेवढाच दिसला. माझं पाऊल जरासं हललं तशी टोकंही आत गेली. हा प्राणी इमारतीचे मजले चढून आपल्या बाथरूममध्ये का येईल?

मग आपल्या डोक्यात जे भरलंय ते आलं कुठून? बहुतांश सिनेमातून. आणि सिनेमानेही या दोघांना अगदी वेगवेगळं वागवलंय.

१९७७ सालचा 'किंगडम ऑफ द स्पायडर्स' घ्या. पाच लाख डॉलरच्या बजेटपैकी पन्नास हजार डॉलर कोळ्यांवर गेले: दहा डॉलरला एक, असे सुमारे ५,००० जिवंत टॅरंटुला. ते एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या डब्यात ठेवावं लागलं. गावावर चाल करून जाण्याचं त्यांच्या स्वभावातच नाही, ते माणसापासून लांब पळायचे. मग पंखे लावून, हवेचे झोत मारून त्यांना पुढे ढकललं. पायांखाली, गाड्यांखाली खरोखरीचे कोळी चिरडले गेले आणि ते तसंच पडद्यावर आहे. मी तो सिनेमा एकदा पाहिला, पुन्हा पाहणार नाही.

एवढं चाललं कसं? 'जेसी जेम्स' (१९३९) या चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडून मारल्याचा संताप झाला, त्यानंतर १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन ही संस्था हॉलिवूडच्या सेटवर प्राण्यांवर लक्ष ठेवू लागली. १९६६ मध्ये हेज ऑफिस, म्हणजे हॉलिवूडच्या चित्रपटांना नियम लावणारं कार्यालय, बंद पडलं आणि संस्थेचा सेटवर जाण्याचा हक्कही गेला. तो परत मिळाला १९८० मध्ये, 'हेवन्स गेट' या चित्रपटाच्या सेटवर घोड्यांचे हाल झाल्यावर. टॅरंटुलांचा हा सिनेमा बरोबर या मधल्या रिकाम्या वर्षांतला आहे.

आता 'अराक्नोफोबिया' (१९९०) बघा. भीती तीच, पण झुंडीचं काम करणारे कोळी टॅरंटुला नव्हतेच. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ॲव्हनडेल भागात सापडणारे ते हंट्समन, म्हणजे काकूंच्या पाहुणीचे भाऊबंद. ही जात झाडाच्या सालीखाली कळपाने राहते, त्यामुळे शेकडो एकत्र सोडले तरी ते एकमेकांना फाडत नाहीत. शिवाय चपळ आणि माणसाला निरुपद्रवी. कीटकतज्ज्ञ स्टीव्हन कुचर यांनी ते हाताळले. मोठ्या कोळ्याच्या दृश्यांसाठी यांत्रिक कोळीही बनवला होता.

हा फरक शरीराचाही आहे, आणि मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. हंट्समन हलका. छतावरून पडला तरी उठून पळतो. टॅरंटुलाचं जड पोट पातळ कातडीत भरलेलं असतं. टेबलाच्या उंचीवरून पडला तरी ते फाटू शकतं. कोळ्याचे पाय लांब होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, त्यामुळे द्रव गळून गेला की पाय आत वळतात आणि प्राणी मरतो. इतका भारदस्त दिसणारा जीव हातातून सुटला तर संपतो. कात टाकताना तो पाठीवर उताणा पडतो, तासन्‌तास. मेला समजून कुणी उचलला तर तेव्हाच त्याचा घात होतो.

म्हणूनच थोड्या अकलेने काम झालेली दृश्यं मला आवडतात. 'डॉक्टर नो' (१९६२) मध्ये शॉन कॉनरी आणि टॅरंटुलाच्या मध्ये काच होती. उघड्या अंगावरून तो चालतो ती दृश्यं बॉब सिमन्स या स्टंटमनने केली. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मध्ये अभिनेता आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवर ठेवलेले टॅरंटुला हलेचनात. सगळे नर होते. मोलिनानेच सांगितलंय की मग एक मादी सोडली आणि एकदम धावपळ उडाली. पंखा नाही, झोत नाही, प्राण्याचा स्वभाव ओळखला एवढंच.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे कोळीही आला. २००१ च्या नियमांनुसार चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे जावं लागतं. घोडबंदर रोडच्या एखाद्या सेटवर खरा कोळी हवा असेल तर हाच रस्ता. येऊरमधून उचलून आणणं तर मुळीच चालणार नाही, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

काकूंकडे मी रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा मागितला आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. डबा हळूच तिच्यावर ठेवायचा, पाय कडेला चिरडत नाहीत ना बघायचं, मग भिंतीलगत पुठ्ठा सरकवायचा. पिशवी असेल तर आणखी सावकाश, कारण धक्का लागला की ती सुटून पडते. काकांनी टॉर्च धरला. जिन्यातून खाली नेऊन मीटर रूममागच्या ओल्या भिंतीला डबा टेकवला. ती बाहेर आली, क्षणभर थांबली आणि चकतीसकट फटीत शिरली.