फ्लोरिडातील फेरमतमोजणी (२०००)

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ७ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्याच्या निकालावरून पाच आठवडे चाललेला वाद. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचक मतांवर: प्रत्येक राज्याची अशी ठराविक मते असतात आणि बहुतेक राज्यांत ती सारी तिथे पहिल्या आलेल्या उमेदवाराला मिळतात. त्या वर्षी फ्लोरिडाची २५ मते ज्याच्या पदरात पडतील तोच अध्यक्ष, अशी स्थिती आली होती. राज्यात पडलेल्या जवळपास ६० लाख मतांत रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची डेमोक्रॅट अल गोर यांच्यावरची अखेरची आघाडी होती ५३७ मतांची.

भारतात मतपत्रिका कशी असावी हे निवडणूक आयोग ठरवतो. फ्लोरिडात हे काम काउंटीकडे, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याकडे असे, आणि काउंट्या ६७. पाम बीच काउंटीने वयस्क मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली. त्यामुळे नावे एका पानावर मावेनात. ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली गेली आणि भोके मधल्या एकाच ओळीत आली. डाव्या पानावर गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. या डेमोक्रॅटबहुल काउंटीत कडव्या उजव्या विचारांच्या ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली. त्यांतली बहुतेक आपली नसावीत, असे खुद्द त्यांनीच बोलून दाखवले. शिवाय सुमारे १९,००० मतपत्रिका दोन-दोन भोके पडल्याने बाद झाल्या. या चुकीला लबाडीची गरज नव्हती, हेतू तर चांगलाच होता.

दुसरी अडचण भोकाचीच. मतदार टोकदार काडीने कार्ड टोचे आणि तिथला इवलासा चौकोनी तुकडा, म्हणजे ‘चॅड’, गळून पडणे अपेक्षित असे. तो एका कोपऱ्याला लोंबत राहिला किंवा नुसताच दबला, तर यंत्राला मत दिसत नसे. मग हाताने मोजणी. कार्ड उजेडाकडे धरून डोळे ताणून पाहणारे अधिकारी ही त्या दिवसांची ओळखच झाली. पण लोंबता चॅड मत मानायचा की नाही, याला काउंटीगणिक वेगळा नियम. पाम बीचमध्ये तर तो मोजणी चालू असतानाच बदलला.

२६ नोव्हेंबरला निवडणुकांचे काम पाहणाऱ्या राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस यांनी बुश यांना विजयी घोषित केले. त्या बुश यांच्या राज्यातील प्रचार मोहिमेच्या सहअध्यक्ष होत्या आणि गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचे प्रमुख, होते बुश यांचे बंधू जेब. संशयाला एवढे पुरेसे होते. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, यंत्राला मत न दिसलेल्या पत्रिका राज्यभर हाताने मोजण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एकसमान निकष नसल्याने कायद्याच्या समान संरक्षणाच्या हक्काचा भंग होतो आणि नव्याने मोजायला वेळ उरलेला नाही, असे सांगत १२ डिसेंबरला त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार न्यायाधीशांच्या मतांनी मोजणी कायमची थांबवली. देशभरात पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे असलेल्या गोर यांनी दुसऱ्या दिवशी पराभव मान्य केला.

२००१ मध्ये वृत्तसंस्थांच्या गटाने सुमारे पावणेदोन लाख वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेल्या मोजक्या काउंट्यांच्या मोजणीत बुशच पुढे राहिले असते. राज्यभरातल्या साऱ्या बाद पत्रिका, दोन भोकांच्याही, तपासल्या असत्या, तर गोर निसटते जिंकले असते. तशी मोजणी मात्र त्यांच्या वकिलांनी न्यायालयात कधी मागितलीच नव्हती. २००२ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना भोकांची यंत्रे बदलण्यासाठी पैसे दिले.