पाइप धुणे आणि पाइप निर्जंतुक करणे

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेसाठी ठिकठिकाणी चर खोदले गेले, तेव्हा कडेला पडलेले काळे डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्नचे (लवचिक बिडाचे), पाइप अनेकांनी पाहिले असतील. तोंडाला बूच न लावलेल्या पाइपात मुरूम, खडी, गोणपाटाचे तुकडे, क्वचित उंदराच्या लेंड्याही जाऊन बसतात. अशी वाहिनी सुरू करण्यापूर्वी ‘क्लोरीनने धुतली’ असे सर्रास म्हटले जाते; प्रत्यक्षात ही दोन निराळी कामे आहेत.

धुण्याचा, म्हणजे फ्लशिंगचा, सगळा भर वेगावर असतो. तळाशी बसलेली वाळू उचलून न्यायची तर पाणी सेकंदाला सुमारे ०.९ मीटर वेगाने वाहावे लागते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात हा वेग ठेवायला सेकंदाला ६४ लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम अडीच मिनिटे पुरेल. सखल जागेवरच्या स्कावर व्हॉल्वमधून, म्हणजे गाळ काढण्याच्या झडपेतून, हे पाणी बाहेर सोडतात आणि पांढऱ्या बादलीत धरून तळाशी कण बसतात का, ते पाहतात. व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट लागते. म्हणून मोठ्या वाहिनीत फोमचा बोळा, ज्याला पिग म्हणतात, पाण्याच्या दाबाने पुढे ढकलतात किंवा माणूस आत उतरून झाडतो. मोठे दगड मात्र नुसत्या पाण्याने हलत नाहीत. त्यांच्यावर रोज संध्याकाळी पाइपाला बूच लावणे हाच खरा उपाय, आणि नेमका तोच टाळला जातो.

निर्जंतुकीकरणात उलट पाणी थांबवून ठेवायचे असते. रूढ पद्धतीत लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी वाहिनीत २४ तास कोंडतात आणि शेवटी त्यात किमान १० मिलिग्रॅम उरले पाहिजे. वरील व्यासाच्या एक किलोमीटर वाहिनीला त्यासाठी ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर साडेपाच किलोच्या आसपास पुरते. त्यानंतर हे तीव्र पाणी काढून टाकण्यासाठी वाहिनी पुन्हा धुतात, आणि बहुधा या दुसऱ्या धुण्यामुळेच दोन्ही कामांची गल्लत होते.

क्रम उलटला तर पावडर वाया जाते, कारण क्लोरीन आधी गाळातल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो आणि मातीच्या ढेकळाआड दडलेले जंतू वाचतात. बादलीतले पाणी नितळ दिसणे किंवा क्लोरीनचा वास येणे हा जंतू मेल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म, म्हणजे दूषित पाण्याची खूण मानले जाणारे जंतू, आढळता कामा नयेत. नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, नाहीतर उरलेला क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मारत राहतो आणि अहवाल फुकाचा चांगला येतो.