खाणीचे डंप : उतारांचे स्थैर्य आणि जमिनीचे पुनर्वसन

उघड्या खाणीत कोळसा, तांबे किंवा लोहखनिज हाती लागण्याआधी त्यावरचा आणि भोवतालचा निरुपयोगी खडक काढावा लागतो. तो जवळपासच ओतून जे कृत्रिम डोंगर तयार होतात, त्यांना डंप म्हणतात. खनिज दळून-धुऊन उरणारा बारीक गाळ यात धरत नाहीत. तो वेगळा, बहुधा बंधाऱ्यामागे साठवतात. फोडलेला खडक मुळापेक्षा साधारण २० ते ४० टक्के जास्त जागा व्यापतो. त्यामुळे डंप अवाढव्य वाटतो आणि तो खरोखरच तसा असतो.

डंपर कडेला येऊन माल ओततो तेव्हा मोठे धोंडे गडगडत पायथ्याशी जातात आणि बारीक चुरा माथ्याजवळ अडकतो. ही आपोआप होणारी वर्गवारी उपकारकच असते, कारण पायथ्याच्या धोंड्यांमधून पाणी सहज निघून जाते. सुटा खडक ज्या कोनात स्वतःहून थांबतो तो ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. पण थांबणे म्हणजे स्थिर असणे नव्हे. अशा उताराचा सुरक्षा गुणांक, म्हणजे घसरणीला होणारा विरोध आणि घसरवणारे बल यांचे गुणोत्तर, जेमतेम १ भरतो. आराखड्यात तो सहसा १.३ ते १.५ मागतात, खाली वस्ती किंवा रस्ता असेल तर वरच्या बाजूचा.

उताराचा वरवरचा थर सरकणे नेहमीचेच असते. खरी भीती असते ती डंपखालची जमीन दगा देण्याची. तिथे मऊ चिकणमाती असली किंवा एखादा झरा गाडला गेला असला, की कणांच्या फटींतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा ढीग वाहू लागतो. वेल्समधील ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी हेच घडले. झऱ्यावर रचलेला कोळसा खाणीचा सात क्रमांकाचा ढीग शाळेवर कोसळला आणि १४४ जण मेले. त्यांत ११६ मुले होती. झरा तिथल्या नकाशांवर दाखवलेला होता. यानंतर ब्रिटनने १९६९ मध्ये अशा ढिगांसाठी स्वतंत्र कायदा केला. झारखंडमधील राजमहाल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी डंप घसरून २३ कामगार दगावले.

डंप बहुधा आधी इशारा देतो. माथ्यावर कडेला समांतर भेगा पडतात. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने रुंदावते आहे, हे पाहायचे असते. त्यासाठीचे जुने साधन अगदी साधे आहे : भेगेपलीकडे खुंटीला बांधलेली तार अलीकडच्या तिकाटण्यावरील कप्पीवरून नेऊन तिच्या टोकाला वजन टांगतात. कडा सरकली की वजन हलते आणि शेजारच्या पट्टीवर सरक वाचता येते. वेग वाढला तर ओतणे थांबवतात किंवा दुसऱ्या टोकाला नेतात. आता रडार आणि उपग्रह आले असले तरी ही तार कालबाह्य झालेली नाही.

पुनर्वसनात पहिले काम उतार मोडण्याचे. ३७ अंशांची कडा बुलडोझरने ढकलून साधारण १८ अंशांवर, म्हणजे तीनास एक या प्रमाणात आणतात. पायथा पुढे सरकतो आणि जास्त जमीन लागते, म्हणून हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे. ओतून झाल्यावर आठवण झाली की खर्च कैक पटींनी वाढतो.

इथून पुढे पाण्याची ओढाताण सुरू होते. स्थैर्यासाठी पाणी बाहेर हवे, झाडांना ते आत हवे. माथ्याची सपाटी डंपरांच्या चाकांखाली दगडासारखी घट्ट होते. खोल नांगरल्याशिवाय तिथे मूळ उतरत नाही. उतारावर पट्टीने आखलेले टप्पे पहिल्या वर्षी छायाचित्रात छान दिसतात. पण एका टप्प्यावर साचलेले पाणी कड फोडून खाली आले की ओघळीची घळ व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे हल्ली नैसर्गिक टेकडीसारखा, माथ्याशी उभा आणि पायथ्याशी पसरट होत जाणारा आकार अनेकजण पसंत करतात.

वरची सुपीक माती खोदकामाआधीच वेगळी काढून कमी उंचीच्या ढिगांत ठेवावी लागते. उंच ढिगात ती वर्षानुवर्षे पडून राहिली तर आतले बी आणि सूक्ष्मजीव मरतात. लागवडीत नत्र स्थिर करणाऱ्या वनस्पती आधी लावतात. चटकन हिरवे दिसावे म्हणून दाट गवत पेरण्याचा मोह मात्र महागात पडतो, कारण तेच गवत रोपांना दाबून टाकते.

खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असेल तर हवा, पाणी आणि जिवाणू मिळून त्यापासून गंधकाम्ल तयार करतात. पायथ्याशी नारिंगी गाळ आणि आंबट पाणी दिसू लागते, त्यात धातू विरघळलेले असतात आणि हे दशकानुदशके चालते. उपाय म्हणून हवा आणि पाणी आत शिरू नये यासाठी चिकणमातीचे आवरण घालतात. कोरड्या हवामानात जाड मातीचा थर पाऊस धरून ठेवतो आणि झाडे तो परत हवेत सोडतात.

खाण बंद झाली की पाणी उपसणारे पंपही थांबतात आणि भूजल वर चढते. जर्मनीत नाख्टरश्टेट येथे १८ जुलै २००९ रोजी जुन्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीच्या भरावावर वसलेल्या वस्तीचा पट्टा खाणीच्या खड्ड्यातल्या तळ्यात घसरला आणि तिघे गेले. त्याच देशातील लाउझिट्स भागात पाण्याने भिजलेली सैल वाळू अचानक पातळ होते. म्हणून तिथे कंप देणारे दंडे खुपसून आणि खोलवर स्फोट घडवून जमीन दाबतात. ते होईपर्यंत भरावावर वाढलेल्या पाइनच्या जंगलांतही धोक्याच्या पाट्या असतात आणि आत जायला बंदी असते.