पोरगं सारखं आजारी पडतंय? येताना जुन्या रिपोर्टची पिशवी आणा

आमची लॅब सांगलीत विश्रामबागला, छोटीशीच. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, "इम्युनिटीची टेस्ट करता का हो?" अशी एकच टेस्ट नसते, आणि गर्दीत हे सगळं सांगायला जमत नाही म्हणून हे पत्रक.

आधी एक, बालवाडीत जाणाऱ्या पोराला वर्षातनं सहा-आठ वेळा सर्दी-खोकला झाला तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार-चारदा कान फुटणं, दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, वजन वाढतच नाही, असं असेल तर मात्र डॉक्टरांना सरळ विचारा की प्रतिकारशक्तीत जन्मजात काही कमी आहे का. दृष्ट काढा हवी तर, पण हे पण विचारा.

पहिला धागा बऱ्याचदा साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्येच असतो. समजा सहा महिन्यांच्या बाळाच्या पांढऱ्या पेशी ६००० आणि त्यातल्या लिम्फोसाइट (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशींचा एक प्रकार) २० टक्के, म्हणजे गुणाकार केला की १२००. मोठ्या माणसात हा आकडा फार वावगा नाही, पण एवढ्याशा बाळात ३००० च्या खाली आला की शंका घ्यायची. सगळे टक्के बघतात, गुणाकार कुणी करत नाही. म्हणून तर पिशवी आणा म्हणतोय.

पुढची टेस्ट आयजीजी, आयजीए, आयजीएम, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी, जंतूंशी लढणारी प्रथिनं. बाळ पहिले काही महिने आईकडनं आलेल्या अँटीबॉडीवर निभावतं, त्या सहा महिन्यांच्या आसपास संपत आल्या की मग स्वतःच्या लागतात, आणि काही मुलांत त्या तयारच होत नाहीत. १९५२ साली ब्रूटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं आठ वर्षांच्या पोरात हे दाखवलं आणि त्याला बाहेरून अँटीबॉडी दिल्या, उपचार आजही त्याच धर्तीवर, शिरेतनं दिल्या तर तीन-चार आठवड्यांनी. हा दोष आईकडनं येतो आणि दिसतो मुलग्यांत, म्हणून आम्ही विचारतो की बाळाचा कुणी मामा तान्हेपणी गेला होता का. राग मानू नका. मामाच्या पोरीशी लग्न झालंय का हेही त्याचसाठी विचारतो, काही प्रकारांत दोष आईबाप दोघांकडनं यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते.

आधीचं भावंड असंच इन्फेक्शननं गेलं असेल तर नव्या बाळाला बीसीजी टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा. ती लस जिवंत जंतूंची असते, एससीआयडी नावाच्या गंभीर जन्मजात प्रकारात, जिथं प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, तीच अंगभर पसरू शकते. इतरांनी मात्र बीसीजी चुकवू नका. एससीआयडीवर उपाय म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात तो आजार आहे, मदतीबद्दल डॉक्टरांकडे चौकशी करा.

मोठेपणी येणारी कमतरता वेगळी. एचआयव्ही तर आहेच, पण शुगर, केमो, किडनीतनं जाणारं प्रोटीन, कुपोषण, आणि आपल्याकडचं म्हणजे गुडघेदुखीसाठी कुणाच्या तरी ओळखीनं आणलेल्या पुड्या, त्यात कधीकधी स्टेरॉइड निघतं. त्या पुड्या डॉक्टरांना दाखवा, फार दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका.

एचआयव्हीची टेस्ट तुमच्या संमतीशिवाय करायची नाही आणि रिपोर्ट शेजाऱ्यापाजाऱ्याला सांगायचा नाही हा २०१७ चा कायदा आहे, आम्ही तो पाळतो. सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी केंद्र) ती फुकट होते, माहितीला हेल्पलाइन १०९७. आई पॉझिटिव्ह असेल तर दीड वर्षाच्या आतल्या बाळाची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह येऊनही बाळाला लागण नसू शकते, कारण त्या अँटीबॉडी आईच्या असतात, तिथं थेट विषाणू शोधणारी पीसीआर टेस्ट लागते.

आणि इम्युनिटी वाढवायची पावडर आमच्याकडं मिळत नाही, जन्मजात दोष तिनं भरूनही निघत नाही.

बाळाला बाहेरून अँटीबॉडी दिल्या असतील तर सॅम्पल द्यायच्या आधी सांगा, नाहीतर ते उसनं आयजीजीच बाळाचं स्वतःचं म्हणून दिसतं. फ्लो सायटोमेट्रीचं (पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजायच्या टेस्टचं) रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात न ठेवता, आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवतो, त्यातल्या पेशी जिवंत पोचाव्या लागतात. म्हणून ते सोमवार ते गुरुवार, दुपारी चारच्या आतच घेतो, शनिवारी संध्याकाळी कितीही आग्रह केला तरी नाही.