औट्रमचं पिस्तूल आणि खानदेशातली वाघांची शिकार

रिव्हॉल्वर घेऊन मोठ्या जनावराच्या मागे जायचं, ही आजच्या अमेरिकेतली नियमबद्ध शिकार आहे. खानदेशात पिस्तुलाने वाघ मेल्याची एक ठळक नोंद मात्र १८२५ च्या उन्हाळ्यातली आहे. ज्याच्या हातून तो मेला त्या जेम्स औट्रम या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या घाटाला आहे, आणि १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यालाही.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला तेव्हा लढायांनी आणि पेंढाऱ्यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. जमीन पडीक पडली, तिच्यावर झाडोरा माजला, आणि सातपुड्यातला वाघ सपाटीवर उतरला. वाघ मारणं तेव्हा महसूल वसुलीइतकंच सरकारी काम होतं. १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला औट्रमला पाठवलं, आणि भिल्लांचा विश्वास त्याने बराचसा शिकारीतूनच मिळवला.

त्या उन्हाळ्यात टेकडीच्या उतारावर, निवडुंगाच्या जाळीत वाघ असल्याची खबर आली. औट्रम पायी, त्याचा सोबती घोड्यावर. सोबत्याची गोळी हुकली. वाघ डरकाळी फोडत औट्रमवर आला आणि दोघे एकमेकांत गुंतून उतारावरून गडगडत खाली गेले. पंजाची पकड क्षणभर सुटली तेवढ्यात औट्रमने पिस्तूल काढलं आणि वाघाला जागीच ठार केलं. त्याच्या जखमा पाहून भिल्ल हळहळले, तर मांजराच्या ओरखड्याचं मला काय, असं तो म्हणाल्याचं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे.

त्या काळचं पिस्तूल म्हणजे ठासणीचं, चकमकीचं. नळीत दारू आणि गोळी ठासायची, कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या खळग्यात, बारीक दारू घालायची, आणि मिळतो तो एकच बार. उतारावर लोळताना कानातली दारू सांडली असती किंवा ठिणगी पडली नसती, तर औट्रमचा इतिहास तिथेच संपला असता. असं हत्यार घेऊन कोणी शिकारीला निघत नसे. बंदूक हुकली आणि जनावर अंगावर आलं, तर ते कामी यायचं.

वाघापर्यंत पोचवणारा माणूस वेगळाच होता, आणि माझ्या मते खानदेशच्या शिकारीचा इतिहास त्याच्यापासूनच सांगायला हवा. नाल्याच्या वाळूतला पंजा रात्रीचा की पहाटेचा, हे भिल्ल माग काढणारा नुसत्या नजरेने सांगायचा. वाघ कुठल्या पाण्यावर येतो, उन्हं चढल्यावर कुठल्या जाळीत बसतो, हे त्याला ठाऊक असायचं. हाका घालताना, म्हणजे जनावर उठवून बाहेर काढताना, जाळीत पायी शिरायचा तोही तोच, हातात काठी नाहीतर तीरकमठा. १८२५ ते १८३४ या काळात औट्रमने मारलेले किंवा त्याच्यादेखत मारले गेलेले वाघ १९१ भरले, असं चरित्र सांगतं. तो आकडा साहेबाच्या नावावर लागला, माग काढणाऱ्यांची नावं क्वचितच कुठे लिहिली गेली.

पुढे हौदा पिस्तुलं आली. आखूड, जाड, बहुधा दोन नळ्यांची. जखमी वाघ हत्तीवर चढून हौद्याला भिडला की हातभर अंतरावरून झाडायला ती बनवलेली. म्हणजे त्यांचंही काम जीव वाचवण्याचंच.

पिस्तूल-रिव्हॉल्वरने ठरवून मोठी शिकार करण्याची कल्पना रुजली ती अमेरिकेत. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने .३५७ मॅग्नम, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार काडतूस झाडणारी रिव्हॉल्वर, बाजारात आणली आणि कंपनीच्या डग्लस वेसन यांनी स्वतः तिने मोठी जनावरं मारून तिची ताकद दाखवली. एल्मर कीथ हे अमेरिकन शिकारी-लेखक .४४ च्या काडतुसात जास्त दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. त्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आली. सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला चारशे मीटरच्या पुढे. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनचीच .५०० मॅग्नम आली, ती याहून कितीतरी जबर. तरीही आखूड नळीमुळे वेग रायफलपेक्षा कमी, आणि खांद्याचा आधार नसल्याने नेम धरणं अवघड. म्हणून जनावराच्या बरंच जवळ जावं लागतं आणि गोळी हृदयात किंवा फुप्फुसातच बसावी लागते. नाहीतर जनावर जखमी होऊन निसटतं आणि तडफडून मरतं. ज्याला जवळ जाता येत नाही त्याने या शिकारीच्या वाटेला जाऊ नये, हे मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडे आजही वाघ आहेत, केळीच्या बागांतूनही वावरतात. रिव्हॉल्वरचा परवाना मिळतो तो मुख्यतः स्वसंरक्षणासाठी. त्याच्या जोरावर वाघ, बिबट्या किंवा अस्वल मारता येत नाही. कायद्याच्या कलम ११ मध्ये एक वाट ठेवली आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने जनावर मारलं, तर तो गुन्हा नाही. मात्र मारणारा त्या वेळी कायदा मोडत असेल तर ही सूट नाही, आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं.